दाराकडे पाठ

खोली बेढब निघाली की लोक खोलीवर चिडतात. "नाचता येईना अंगण वाकडं" असं आपण सहज म्हणतो, पण अंगण खरोखरच वाकडं असू शकतं हे ती म्हण काढणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं. माझं पोट गेली पंचवीस वर्षं अशा वाकड्या अंगणांवरच चाललं आहे. मी जळगावात राहते आणि लोकांच्या घरांची आतली मांडणी करून देते. पाटीवर इंटिरियर डिझायनर असं लिहिलेलं आहे, पण गल्लीत मी "पडदेवाल्या बाई" आहे. ते नाव दुरुस्त करत बसणं मी केव्हाच सोडून दिलं.

रस्ता तिरपा जातो, प्लॉटचा एक कोपरा खातो, आणि मालक उरलेल्या तिकोनी तुकड्यावरही भिंत उभी करतो, कारण जागा मोकळी सोडणं त्याच्या रक्तात नाही. मग मला फोन येतो, "ताई, या खोलीत पलंगच बसत नाही." बसणारच नाही. तिथे मी कपाट करून घेते. वाकडा कोपरा कपाटाच्या पोटात जातो आणि बाहेर चौकोनी खोली उरते. जुन्या घरांत दुसरंच दुखणं. खोली आठ बाय आठ आणि छत चौदा फुटांवर, माणूस विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा दिसतो. तिथे छताला गडद रंग द्यायचा, तोच रंग भिंतींवर दोन हात खाली ओढायचा, दिवा लांब दांडीने खाली आणायचा. छत खाली येतं. म्हणजे येत नाही, पण डोळ्याला तसं पटतं. डोळ्याला पटवणं हाच माझा धंदा, असं मी कालपरवापर्यंत ऐटीत सांगायचे.

सगळ्यात अवघड म्हणजे लांबट खोली. आमच्या भागात लांबट खोल्यांना तोटा नाही, कारण भाऊ वेगळे झाले की घर आडवं कापत नाहीत, उभं कापतात. आडवं कापलं तर एकाला रस्ता मिळतो आणि दुसऱ्याला मागची बोळ. बोळीतून स्वतःच्या घरात शिरायचं म्हणजे वाटणीत हरल्याचं रोज कबूल करायचं. म्हणून दोघांनाही रस्त्यावर दार हवं असतं. मग मधोमध एक भिंत पडते, दोघांनाही दार मिळतं, मान मिळतो, आणि दोघांच्याही घरात समोरासमोर दोन माणसं आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं.

माझं माहेर धुळ्याचं, आणि तेही असंच उभं कापलेलं. कापलं माझ्या वडिलांनीच. नाना जमीन मोजणी खात्यात होते. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या बांधावर साखळी टाकून भावाभावांची भांडणं मिटवण्यात घालवली. स्वतःच्या घरची वेळ आली तेव्हा धाकटे काका म्हणाले, "भाऊ, तूच मोज." नानांनी मोजलं. मधल्या भिंतीची जाडीसुद्धा दोघांच्या हिश्शात अर्धी अर्धी धरली. वाटणी इतकी चोख झाली की काका आजही दिवसातून दोनदा आमच्याकडे चहाला येतात. फक्त आमच्या वाट्याला आली आठ फूट चार इंच रुंद आणि सत्तावीस फूट लांब अशी बैठक. तिच्यामागे एक लहानसा उघडा चौक आणि चौकापलीकडे स्वयंपाकघर.

या बैठकीची मांडणी माझ्या लहानपणापासून एकच. एका भिंतीला ओळीने खुर्च्या, सोफा, दिवाण आणि शेवटी आईचं शिलाई मशीन. समोरची भिंत मोकळी, कारण जायला यायला वाट हवी. पाहुणे आले की एका रांगेत बसत, एसटीची वाट बघत बसल्यासारखे. सगळे समोरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत. रांगेतली पहिली खुर्ची, दाराजवळची, खिडकीला लागून, ती नानांची. घरातल्या मोठ्या माणसाची जागा दाराशी. आलेला पहिला त्याच्या पाया पडतो, रस्त्यावरून जाणारा तिथूनच रामराम करतो. खिडकीत कूलर बसवलेला. धुळ्याच्या उन्हाळ्यात घरातली सगळ्यात गार जागा तीच, तेव्हा ती नानांचीच असायला हवी याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

मी लोकांची घरं सजवत गावोगाव हिंडले आणि माहेरच्या बैठकीला कधी हात लावला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माहेरी मी जेवायला आणि झोपायला जात होते.

दोन वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याला गेले. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, मी पन्नाशीतही जाते. जेवणं झाली, मांडे आणि आमरस जरा जास्तच झाला होता, आणि नाना हात धुता धुता म्हणाले, "पाऊस पडाना आगोदर मी मयामा जाई ऱ्हासू. आठे मन्हं काय काम शे?"

मळा म्हणजे पिंपळनेरच्या पुढे आमच्या मूळ गावचा. तिथे एक खोली आहे, विहीर आहे, शेत वाट्याने दिलेलं आहे. नाना तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आईचे गुडघे गेलेले, तिला त्या खोलीची पायरी चढणंही जमलं नसतं. म्हणजे लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर एकाने इकडे राहायचं आणि एकाने तिकडे. मी हसून उडवून लावणार होते. पण पाहिलं तर कपाटावरची पेटी खाली उतरवलेली होती आणि तिच्यात नानांचे कपडे घड्या घालून ठेवलेले होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "जाऊ दे त्यासले, माय. आठे तरी काय शे? मी भितसंगेच बोलस."

भिंतीशीच बोलते, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तीनचार वर्षांत नाना बदलले होते. ऐकायला कमी येत होतं हे आम्हाला ठाऊक होतं. कानाचं यंत्र आणलं होतं, ते त्यांनी दोन महिने लावलं आणि मग टेबलाच्या खणात टाकलं. म्हणायचे, त्यात माणूस सोडून सगळं ऐकू येतं. पण आम्हाला खुपत होता तो त्यांचा स्वभाव. चारचौघं बोलत बसले की हे मध्येच उठून आत जायचे. एक विचारावं तर दुसरंच उत्तर द्यायचे, आणि कुणी हसलं की चिडायचे. काका म्हणायचे, भाऊ आता माणूसघाणा झाला. मीही म्हणायचे. वय झालं की काही माणसं आंबट होतात, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं, आणि त्याची आज लाज वाटते.

नानांना मी म्हटलं, मृगापर्यंत थांबा, मला बैठक नीट करू द्या, मग बघा जावंसं वाटतं का. घरातलं दुखणं दिसलं की मी मोजपट्टी काढते, मला दुसरं काही येत नाही. नाना हो म्हणाले नाहीत, पण पेटी पुन्हा कपाटावर गेली.

मग मी माझं सगळं ज्ञान त्या सत्तावीस फुटांवर ओतलं. टोकाची भिंत विटकरी केली, म्हणजे ती जवळ आल्यासारखी वाटते. बाजूच्या भिंती फिक्या ठेवल्या. जमिनीवर आडव्या पट्ट्यांचे गालिचे टाकले, कारण उभ्या रेघा खोली आणखी ताणतात. आणि मोकळ्या भिंतीवर, म्हणजे आमच्या आणि काकांच्या मधल्या भिंतीवर, दहा फूट लांबीचा आरसा लावला. आरशाने रुंदी दुप्पट होते, हे माझ्या धंद्यातलं पहिलं बाळकडू. मिस्तरी भिंतीला भोकं पाडत होता तेव्हा पलीकडून काका ओरडले, "थांब वं! खिया मन्हा घरमा निंघतीन!" खिळे काही निघाले नाहीत, पण त्यांच्या बाजूचा थोडा चुना पडला आणि तो त्यांनी मला कागदात बांधून आणून दाखवला.

बैठक सुंदर झाली. मी फोटो काढून जळगावच्या चार गिऱ्हाइकांना पाठवले. आठवड्याने पुन्हा धुळ्याला गेले तेव्हा नानांची खुर्ची रिकामी होती. ते चौकात, धुण्याच्या दगडावर बसले होते. मे महिन्यात, दुपारी चार वाजता.

आईने सांगितलं ते असं. येणाऱ्या बायका बोलायच्या सोडून आरशात पदर सारखा करतात. काका स्वतःच्या मिशीकडे बघत बसतात. आणि नाना दोन दिवस खुर्चीत बसले, तिसऱ्या दिवशी उठले ते उठलेच. मी चौकात गेले, त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "दिनभर मन्हंच थोबाड देखू का?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मला रागच आला होता, खरं सांगते. इतकी मेहनत केली, आणि हा माणूस धुण्याच्या दगडावर जाऊन बसतो. मृगाला तीन आठवडे उरले होते. पेटी पुन्हा खाली आलेली होती.

आरसा उतरवायला मिस्तरीला बोलावलं. हा धुळ्याचाच, साठीकडे आलेला, माझ्याबरोबर पंधरा वर्षं काम करणारा सुतार. त्याला बोलायची फार हौस नाही. त्या दिवशी तो दाराबाहेर ओट्यावर कटर लावून फळ्या कापत होता, आणि नाना त्याच्यासमोर उभे राहून सागाचं लाकूड आणि बाभळीचं लाकूड यावर काहीतरी सांगत होते. कटर कान किटेल असा ओरडत होता. मी आतून दोनदा हाक मारली, "नाना, चहा." त्यांना पत्ता नाही.

मिस्तरीने मशीन बंद केलं आणि आत येऊन म्हणाला, "ताई, राग नका मानू. एक सांगू?"

"सांगा."

"नानांना माझं बोलणं मशीनच्या आवाजातही समजतं. तुमचं शांततेतही समजत नाही."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"आम्ही मशीनवाले एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोलतो. आवाज कुठे ऐकू येतो? ओठ दिसले की झालं. नानाही तसंच करतात. मी पेन्सिल तोंडात धरली की ते 'काय?' विचारतात. काढली की नाही विचारत." मग त्याने बैठकीकडे हात केला. "इथे बसून त्यांना कुणाचं तोंड दिसतं, ते तुम्हीच बघा."

सोनाराने कान टोचलेले बरे म्हणतात, माझे सुताराने टोचले. मी जाऊन नानांच्या खुर्चीत बसले. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या खोल्या मी दारात उभी राहून बघत आले होते. कुणाच्या तरी खुर्चीत बसून खोली बघायची असते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि सुचलंही नव्हतं.

आईला म्हटलं, तू नेहमीच्या जागी बस आणि बोल. ती माझ्याच रांगेत, तिसऱ्या जागेवर बसली. मला तिचा कान दिसला, अंबाडा दिसला आणि गुडघे दिसले. काका आले आणि दारात उभे राहिले. त्यांच्यामागे रस्त्यावरचं मे महिन्याचं ऊन होतं, त्यामुळे त्यांचा चेहरा नुसता काळा दिसला, डोळे नाक काही नाही. ते काहीतरी बोलले. माझे कान धडधाकट आहेत, तरी मला अर्धंच कळलं, कारण माझ्या डोक्यापासून हातभरावर कूलर घरघरत होता.

आम्ही नानांना घरातली मानाची जागा दिली होती, सगळ्यात गार जागा दिली होती, आणि घरात त्याहून बहिरी जागा शोधून सापडली नसती. आणि त्यावर मी आरसा लावला, म्हणजे ज्यांचं बोलणं कळत नाही ती माणसं त्यांना, लांबून आणि तिरपी, दुप्पट दिसायला लागली. मी त्या खुर्चीत बसूनच रडले. आईला वाटलं आरसा काढावा लागणार म्हणून रडते आहे. ती म्हणाली, नको काढू माय, राहू दे.

पुढचं काम कागदावर सोपं होतं. खोली रुंद दाखवायची गरजच नव्हती. तिला मधून तोडायचं होतं. भिंतीकडेची रांग मोडायची, मध्यभागी पाच फुटांची दोन बाकं आडवी, समोरासमोर ठेवायची, दोघांमध्ये चार फूट अंतर, बाजूने तीन फूट वाट. कूलर पुढच्या खिडकीतून काढायचा आणि चौकाकडच्या खिडकीत बाहेरून टांगायचा. लांबट खोलीचा एकच गुण असतो, मागून सोडलेली हवा सरळ पुढच्या दारापर्यंत जाते. पुढची खिडकी मोकळी झाली की तिचा उजेड आत तोंड करून बसलेल्याच्या पाठीवर आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेल्याच्या चेहऱ्यावर पडणार. आणि नानांना चेहरे दिसायचे तर नानांनी रस्त्याकडे पाठ करून बसायचं.

इथे सगळं अडलं. काका आधी बोलले. "भाऊ घरमा मोठा. त्यानी जागा दारजोडेच. लोक काय म्हनतीन?" आई म्हणाली, दाराकडे पाठ करून बसलं की लक्ष्मी रुसते. आणि नाना स्वतः सगळ्यांवर कडी करून म्हणाले, "दारकडे पाठ करीसन बसू? मी काय रुसेल जवाई शे?"

दोन दिवस मी समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. ओठांचं आणि कानांचं काढलं की नाना तडक उठून जात. बहिरेपणाबद्दल त्यांच्यासमोर कुणी बोललेलं त्यांना चालत नसे, आणि मी बोलत होते तेही मोठ्याने, शेजारच्या घरापर्यंत जाईल असं. मृग आठ दिवसांवर आला. काकांच्या ओळखीचा एक टेम्पोवाला पिंपळनेरला माल घेऊन जाणार होता, त्याला नानांनी परस्पर सांगूनही ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर ओट्यावर बसले, माझं तोंड उजेडात येईल अशी, आणि हळू आवाजात विचारलं, "नाना, मोजणीला उभे राहायचात तेव्हा सूर्य कुठे ठेवायचात?"

ते म्हणाले, "पाठवर." मी विचारलं, का? "तोंडवर ऊन उनं तं झेंडी दिसस का?" शेताच्या पार टोकाला शिपाई झेंडी धरून उभा असतो, ती नीट दिसायला ऊन आपल्या पाठीमागे लागतं, एवढं साधं.   चहा झाल्यावर ते आत गेले, बैठकीत मधोमध उभे राहिले, दाराकडे पाठ केली आणि मला म्हणाले, "तठे उभी ऱ्हाय." मी समोर उभी राहिले. "आते बोल."

मी म्हटलं, "मळ्यात जाऊ नका."

त्यांना कळलं. त्यांनी मिस्तरीकडून खडू मागून घेतला आणि बाकांच्या जागा जमिनीवर स्वतः आखल्या. माझ्या आखणीपेक्षा त्यांची दोन इंच आत होती, आणि तीच बरोबर निघाली.

मिस्तरीने पाच दिवसांत बाकं केली. नानांच्या पाठीमागे कमरेइतकी जाळीची पडदी घातली, म्हणजे अचानक कुणी पाठीवर आल्यासारखं वाटू नये. उतरवलेल्या आरशाचा एक वीतभर तुकडा कापून समोरच्या बाकाच्या वर, नानांच्या नजरेच्या रेषेत लावला. त्यात दार दिसतं. कोण आलं ते त्यांना तोंड न वळवता कळतं. आईची लक्ष्मीही त्यात दिसेल, असं मी म्हटलं, तेव्हा आई पहिल्यांदा हसली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे चहाला आले. दारात थबकले, नानांची पाठ बघून तोंड वाकडं केलं, आणि समोरच्या बाकावर आईशेजारी बसले. कूलर मागे चौकात होता, त्याची नुसती गार हवा येत होती. खिडकीचा उजेड काकांच्या चेहऱ्यावर सरळ पडला होता. त्यांनी बशीत चहा ओतला आणि आईला सहज म्हणाले, "काल शिरपूरले गयतू. भाऊना त्या दोस्तना पोऱ्या भेटना. बापले जाईसन दीड वरीस व्हई गयं म्हने."

"कोन गया?" नानांनी विचारलं.

काकांची बशी तशीच राहिली.  मग काकांनी नाव सांगितलं. तो नानांच्या खात्यातला, दोघांनी तीस वर्षं एका साखळीची दोन टोकं धरलेली.

"कव्हय?"

"दीड वरीस व्हयनं ना, भाऊ."

"माले काबरं नही सांगं?"

आई हळूच म्हणाली, "सांगं व्हतं. आठेच, याच बैठकमा. तुम्ही हां करं."

नाना तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "मी तं बठ्ठासलेच हां करस. दरखेपले 'काय?' 'काय?' कोन विचारी?"

सगळ्यांनाच तोच 'हां'. मला तो दिवस आठवला. शिरपूरहून निरोप आला होता, काकांनी दारात उभं राहून नानांना सांगितला होता, आणि नाना "हां" म्हणून पेपर वाचत राहिले होते. आमच्याकडे कुणी गेलं की त्या घरी जाऊन बसायचं असतं, त्याला द्वारदर्शन म्हणतात. बोलायचं काही नसतं, पण तोंड दाखवायचं असतं. वैरीसुद्धा जातो. नाना गेले नाहीत. मी आणि काका जाऊन आलो आणि त्या घरी सांगितलं की नानांची तब्येत बरी नाही. येताना गाडीत काका म्हणाले, भाऊच्या छातीत दगड आहे. मी त्यांना गप्प केलं नाही. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

नवीन बैठकीने माझ्या वडिलांना दिलेली पहिली बातमी ही होती. ते उठून आत गेले नाहीत. तिथेच बसून राहिले, आणि आम्हीही उठलो नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, तुझी गाडी आहे ना? मी मान हलवली. टेम्पोवाल्याला त्यांनी काकांकडून नाही म्हणून कळवलं.

सकाळी मी त्यांना घेऊन शिरपूरला निघाले. गाडीत मी चालवत होते, ते शेजारी, म्हणजे पुन्हा एका रांगेत. बोलण्यात अर्थ नव्हता. तापीचा पूल ओलांडल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "त्याना फोन येना, तं माले वाटे, त्यानी बी मन्हासंगे बोलनं सोडी दिधं." मी गाडी बाजूला घेऊन उभी केली.  ते म्हणाले, "चाल."

दोस्ताच्या घरी त्याची बायको होती, काकू म्हणतो आम्ही तिला. बैठक तिचीही लांबट, खुर्च्या एका भिंतीला ओळीने. तिने नानांना दाराजवळच्या पहिल्या खुर्चीत बसवलं, मोठ्या माणसाला बसवतात तसं, आणि स्वतः पलीकडे, चौथ्या खुर्चीत बसली. पदर तोंडाशी धरला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "भाऊ, आते तब्येत कशी शे तुम्हनी?"

दीड वर्ष तिने माझं खोटं खरं मानलं होतं. नानांना काहीच कळलं नव्हतं. त्यांची मान हलू लागली आणि ओठ "हां" म्हणायला उघडत होते.

मी उठले. एक खुर्ची उचलून नानांच्या पुढ्यात ठेवली, नानांची खुर्ची फिरवून त्यांची पाठ दाराकडे केली आणि काकूला हाताला धरून त्यांच्यासमोर आणून बसवलं. तिचा पदर मीच तोंडावरून खाली घेतला. पन्नाशीच्या बाईने दुसऱ्याच्या घरात करावं असं ते नव्हतं. काकू माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "काकू, त्यांच्याकडे बघून बोला. त्यांना तुमचं तोंड दिसू द्या."

नाना पुढे वाकले. "काय व्हयनं व्हतं त्याले?" त्यांनी विचारलं. "पहिलेथून सांग."

ती पहिल्यापासून सांगायला लागली. दोनदा नानांनी तिला मध्येच थांबवून "काय?" विचारलं, आणि दोन्ही वेळा तिने पुन्हा सांगितलं.